चांगल्या पायाचा आलेखही खाली का होता?

हाड जुळलं, डॉक्टर "आता काही नाही" म्हणाले, तरी चाल काही पूर्वीसारखी होईना, अशा अवस्थेत मी जवळपास वर्षभर होते. त्या काळात मला हवी असलेली माहिती सलग कुठेच मिळाली नाही. म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं यांच्यासकट सगळं लिहून ठेवते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते, सातारा जिल्ह्यात. वय ४७.

२२ जुलै २०२३, शनिवार. सकाळची शाळा सुटली होती, पाऊस भुरभुरत होता. वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरला होता, त्यावरून स्कूटी घसरली आणि डावा गुडघा खाली आला. उठता आलं नाही. गावातल्या दवाखान्यात एक्स-रे, मग साताऱ्यात सीटी स्कॅन. नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्यावर गुडघ्याचा सांधा टेकतो तो सपाट भाग, एका बाजूने खचला होता. ह्याला टिबिअल प्लॅटो फ्रॅक्चर म्हणतात. सूज उतरायला चार दिवस थांबावं लागलं आणि २६ तारखेला ऑपरेशन झालं. एक प्लेट, सात स्क्रू. ३० जुलैला घरी सोडलं. बिल एक लाख अडुसष्ट हजार.

डॉक्टरांनी सांगितलं, आठ आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. खचलेला भाग वर उचलून बसवलेला असतो, भार लवकर आला तर तो पुन्हा खाली बसू शकतो. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत घरात फिरायचं. गुडघा वाकवण्याचा व्यायाम मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू झाला, कारण गुडघा फार दिवस सरळ ठेवला तर आखडतो. पलंगावर बसून टाच मागे ओढायची, रोज थोडी जास्त. त्या व्यायामाने रडू यायचं. दुखण्यापेक्षा भीतीने जास्त, आत काहीतरी सुटेल असं वाटायचं.

इथे रजेचं सांगते, कारण शिक्षक मैत्रिणी हेच आधी विचारतात. मी २४ जुलैपासून परिवर्तित रजा टाकली. म्हणजे पगार पूर्ण मिळतो, पण रजेच्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खात्यातून वजा होतात. माझी १०५ दिवस रजा झाली, खात्यातून २१० दिवस गेले. बावीस वर्षांच्या नोकरीत शिल्लक होती म्हणून निभावलं. सेवापुस्तकात रजेचा हिशेब अद्ययावत आहे का हे धडधाकट असतानाच बघून ठेवा. माझ्या नोंदीत दोन वर्षांचा हिशेब लिहायचाच राहिला होता आणि तो पुरा करून घ्यायला ह्यांना पंचायत समितीत पाच खेपा घालाव्या लागल्या.

२० सप्टेंबरला, ऋषिपंचमीच्या दिवशी, एक्स-रे बघून डॉक्टरांनी थोडा भार टाकायला परवानगी दिली. 'थोडा' म्हणजे किती, हे मी वजनकाट्यावर शिकले. डावा पाय काट्यावर ठेवायचा आणि काटा वीस किलो दाखवेपर्यंतच दाबायचा. पायाला तो अंदाज आला की तेवढ्याच भाराने वॉकरवर पावलं टाकायची. दर आठवड्याला दहा किलो वाढ. नवरात्रात, १८ ऑक्टोबरला, पूर्ण भार. वॉकर गेला, काठी आली. ६ नोव्हेंबरला कामावर रुजू झाले. रजा लांबलेली असल्यामुळे कार्यालयाने जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र मागितलं. हे मंडळ रोज बसत नाही. आधी फोनवर वार विचारून घ्या, डिस्चार्ज कार्ड आणि पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे सोबत न्या. माझी एक फेरी फुकट गेली, कारण मी फक्त शेवटचा एक्स-रे नेला होता.

डिसेंबरात काठी सोडली आणि खरी निराशा तिथून सुरू झाली. फिजिओथेरपीच्या टेबलावर गुडघा १२० अंशांपर्यंत वाकत होता. दुखणं जवळजवळ नव्हतं. तरी चालताना मी डावा पाय एखादा दांडका पुढे टाकावा तसा टाकत होते. फाटकापासून वर्गापर्यंत जाईपर्यंत प्रार्थना सुरू झालेली असायची. जो तो सांगायचा, "मॅडम, सावकाश चाला, घाई कशाला?" मीही तेच करत होते. सावकाश म्हणजे सुरक्षित, ह्याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती.

जानेवारीत फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्यांदा घड्याळ लावलं. पट्टीने दहा मीटर मोजले, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जागा सोडली (सुरुवातीला वेग घेण्यात आणि शेवटी थांबण्यात जातो तो वेळ मोजायचा नसतो) आणि म्हणाल्या, "नेहमीसारख्या चाला." १७ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ०.५९ मीटर. निरोगी प्रौढ माणसाची सहज चाल सेकंदाला १.२ ते १.४ मीटरच्या आसपास असते. मी त्याच्या निम्म्याने चालत होते. दरवर्षी सातवीला अंतर भागिले वेळ शिकवते, पण हे सूत्र स्वतःच्या पायांना लावून बघावं असं सहा महिन्यांत मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी चालीचं विश्लेषण, म्हणजे गेट ॲनालिसिस, करून घ्यायला सुचवलं. साताऱ्यात मला ती सोय सापडली नाही. पुण्यातल्या एका भौतिकोपचार महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, १६ फेब्रुवारी २०२४. फी साडेचार हजार. शुक्रवारची नैमित्तिक रजा टाकली आणि मुलीला सोबत घेऊन सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरले.

स्वारगेटचा रस्ता ओलांडताना मी अर्ध्यात असतानाच सिग्नल पडला. मुलीने हात वर करून गाड्या थांबवल्या. सिग्नलची वेळ ठरवताना पायी चालणाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे, हे मला नंतर कळलं. ०.५९ ला रस्ता पुरा होणार नव्हताच. पण त्या क्षणी हे आकडे कुठे डोक्यात होते. मुलीचा हात घट्ट धरला होता एवढंच आठवतं.

प्रयोगशाळा म्हणजे लांबट खोली, भिंतींना वर आठ कॅमेरे आणि मधोमध फरशीत बसवलेल्या दोन चौकोनी पट्ट्या, पावलाचा दाब मोजणाऱ्या. मांड्या उघड्या राहतील अशी तंग हाफ पँट घालावी लागते. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी पंजाबी ड्रेसवर गेले होते. मुलीची सायकलिंगची शॉर्ट पिशवीत होती म्हणून वेळ निभावली. बायकांनी वेळ घेतानाच विचारावं की मार्कर चिकटवायला बाई असतील का, आणि आडोसा आहे का. मला दोन्ही मिळालं. कमरेच्या हाडापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत छोटे चमकणारे गोळे, म्हणजेच मार्कर, चिकटवतात. कॅमेरे ते गोळे टिपतात आणि त्यावरून खुबा, गुडघा, घोटा प्रत्येक क्षणी किती वाकला हे काढलं जातं. मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा चालले. पट्टीवर पाऊल मुद्दाम टाकायचं नसतं, आपसूक पडलं तरच ते मोजमाप धरतात. दोन तास लागले.

अहवाल दहा दिवसांनी मेलवर आला. बारा पानं. प्रत्येक आलेखात राखाडी पट्टा म्हणजे निरोगी माणसं, लाल रेघ म्हणजे माझा डावा पाय, निळी उजवा. पाय हवेत पुढे येताना डावा गुडघा ४४ अंश वाकत होता, पट्टा ६० च्या आसपास. टाच टेकल्यावर भार घेताना निरोगी गुडघा पंधरा-वीस अंश वाकून धक्का पचवतो, माझा डावा फक्त तीन. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ चालीच्या ३८ टक्के, निरोगी माणसात तो साधारण २० टक्के. पान उलटेल तसा धीर सुटत गेला. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, हे आता असंच राहणार.

दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडलं आणि निळ्या रेघेवर नजर गेली. उजवा गुडघा ५१ अंश. तोही पट्ट्याच्या खाली! उजव्या पायाला तर कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. भार घेताना तो फक्त नऊ अंश वाकत होता. धडधाकट पायाचा आलेख आजारी कसा दिसेल? एक तर मोजण्यात चूक असेल, नाहीतर तुलनेत.

फिजिओथेरपिस्ट मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "पट्टा कोणत्या वेगाचा आहे ते लिहिलंय का?" शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: सहज वेगाने चालणारे निरोगी प्रौढ, सेकंदाला १.३ मीटर. आणि माझी चाचणी ०.६ ला झालेली. मॅडम म्हणाल्या, "हळू चाललं तर कुणाचाही गुडघा कमी वाकतो. घरी करून बघा."

त्या रविवारी मुलीला शाळेत नेलं. व्हरांड्यात खडूने चौदा मीटर आखले. तिच्या पायाला खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, गुडघ्याच्या बाजूला आणि घोट्यावर लाल टिकल्या चिकटवल्या. फोन एका बाजूला बाकावर टेकवला, स्लो मोशन चालू. आधी ती तिच्या नेहमीच्या चालीने चालली, दहा मीटर साडेसात सेकंदांत. मग फोनवर मेट्रोनोम (ठरावीक अंतराने टिकटिक ठोके देणारं ॲप) लावून माझ्यासारखं चालायला लावलं, १७ सेकंदांत. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तिला तेवढं हळू चालणं जमतच नव्हतं, तोल जायचा, पाय भराभर पुढे जायचे. नंतर व्हिडिओ थांबवून, चित्र मोठं करून, पडद्यावर कोनमापक ठेवला. खुबा-गुडघा-घोटा हा कोन १८० मधून वजा केला की गुडघा किती वाकला ते कळतं. नेहमीच्या चालीत ६१. हळू चालीत ५०.

कोनमापकाने चार-पाच अंशांची चूक सहज होते, तरी अकरा अंशांचा फरक चुकीत मावत नाही. सतरा वर्षांच्या निरोगी पायाचा गुडघा माझ्या वेगाने चालला की माझ्या उजव्या गुडघ्याएवढाच वाकत होता. म्हणजे ४४ आणि ६० मधल्या सोळा अंशांपैकी मोठा हिस्सा निव्वळ माझ्या हळू चालण्याचा होता. त्याच दिवशी, त्याच वेगाने चाललेल्या माझ्या उजव्या पायाशी ताडून पाहिलं तर डाव्याची खरी तूट सातच अंश. व्हरांड्यात खाली बसून मी तो हिशेब तीनदा केला.

असं का होतं, हे मॅडमनी पुढच्या भेटीत समजावलं. पाय हवेत पुढे येतो तेव्हा गुडघा आपण काही स्नायू आवळून मुद्दाम वाकवत नाही. मागचा पाय जमीन सोडण्याच्या आधी पोटरी घोट्यातून ढकलते, खुबा मांडीला पुढे ओढतो आणि त्या झटक्याने गुडघ्याखालचा भाग मागे राहतो, झोक्यासारखा. हळू चालीत ढकलणंच कमी, म्हणून झोका कमी, म्हणून वाकणं कमी. भार घेण्याचंही तसंच. वेगाने येणारं शरीर टाचेवर आदळतं तेव्हा गुडघ्याला वाकून धक्का पचवावा लागतो, सावकाश येणाऱ्या शरीराला त्याची गरज कमी पडते. फरशीतल्या पट्टीच्या आलेखातही ते दिसत होतं. सहज चालीत दाबाच्या रेघेला दोन उंचवटे आणि मधे खळगा असतो, उंचवटे शरीराच्या वजनापेक्षा थोडे वर जातात. माझी रेघ जवळपास सपाट होती. वेग वाढला की पाऊल लांब पडतं, त्यासाठी खुबा जास्त मागे जातो, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा काळ घटतो. धावताना तर तो काळ उरतच नाही.

मग माझ्या सावकाश चालण्याकडे मी नव्या नजरेने पाहिलं. सात महिने मी गुडघ्याला जपत होते आणि त्यामुळेच चालताना त्याला वाकायची वेळ येत नव्हती. टेबलावर १२० अंश असून रस्त्यावर ४४ च वापरत होते. मांडीच्या पुढच्या स्नायूला भार झेलायचं कामच मिळत नव्हतं, म्हणून तो बारीकच राहिला होता. मांडीचा घेर मोजला, डावी अडीच सेंटीमीटर कमी भरली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. हे वाचून कुणी उद्यापासून भरभर चालू नका. माझं हाड पूर्ण जुळल्याचा एक्स-रे होता आणि डॉक्टरांची लेखी परवानगी होती. ज्यांना भार टाकायला अजून मनाई आहे त्यांच्यासाठी सावकाशच बरोबर.

मार्चपासून वही घातली. मेट्रोनोम मिनिटाला ८४ ठोक्यांवर, कारण तीच माझी तेव्हाची पावलं होती. ०.५९ च्या वेगाला ८४ पावलं म्हणजे एक पाऊल जेमतेम ४२ सेंटीमीटर. दर आठवड्याला चार ठोके वाढवायचे. एक मिनिट भरभर, दोन मिनिटं नेहमीसारखं, असं पंधरा मिनिटं, संध्याकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या. नुसते ठोके वाढवले की पावलं तोकडी होतात, म्हणून मॅडमनी मैदानावर फक्कीने रेघा मारून घ्यायला सांगितल्या, आधी ४५ सेंटीमीटरवर, मग ५०, मग ५५. जोडीला भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहणं, आणि एका पायरीवरून डाव्या पायावर भार ठेवत उजवं पाऊल हळूच खाली टेकवणं. ह्या शेवटच्या व्यायामाने मला सगळ्यात जास्त दिलं आणि सगळ्यात जास्त घामही काढला.

एप्रिलच्या शेवटी दहा मीटरला १२ सेकंद. आनंदाच्या भरात मी मे महिन्यात एकदम दहा ठोके वाढवले. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा टरारून सुजला. आठवडाभर बर्फ आणि विश्रांती, वेळ परत १३ वर गेली. तेव्हापासूनचा नियम: व्यायाम झाल्यावर काय वाटतं ह्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते बघायचं. सुजला असेल तर त्या दिवशी निम्मंच. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ९.४ सेकंद. चालीत फरक पडल्याचं पहिल्यांदा कुणी ओळखलं असेल तर आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्यांनी पाठमोरी बघून हाक मारलीच नाही, त्यांना दुसरंच कुणीतरी वाटलं.

खर्चाचं राहिलं. अपघात असल्यामुळे खासगी रुग्णालयाच्या बिलाचा वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव मी नोव्हेंबरात दिला होता. मुख्याध्यापक, पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, अशी ती वाट. फेब्रुवारीत प्रस्ताव परत आला, कारण प्लेट-स्क्रूच्या बिलासोबत त्यांच्या पाकिटांवरचे स्टिकर लावलेले नव्हते आणि दोन औषधांच्या पावत्यांवर डॉक्टरांची सही नव्हती. स्टिकर डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, नंतर रुग्णालयातून मिळवायला फार पळापळ होते. ऑगस्ट २०२४ मध्ये एक लाख एकवीस हजार मंजूर झाले. चालीच्या चाचणीचे आणि फिजिओथेरपीचे पैसे मी प्रस्तावात धरले नव्हते. फिजिओथेरपीचे वर्षभरात साधारण बत्तीस हजार गेले, एका वेळचे चारशे रुपये.

२० सप्टेंबर २०२४ ला पुन्हा त्याच प्रयोगशाळेत गेले. ह्या वेळी वेळ घेतानाच सांगितलं की हळू, नेहमीच्या आणि भरभर अशा तिन्ही वेगांनी मोजा, आणि प्रत्येक आलेखावर वेग लिहा. त्यांनी ते आनंदाने केलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. नेहमीची चाल १.२२. डावा गुडघा हवेत ५६, भार घेताना १२. भरभर चालले तेव्हा ५९ आणि १५. आणि मुद्दाम जुन्या ०.६ च्या वेगाने चालले तेव्हा डावा ४९, उजवा ५१. फेब्रुवारीतली सात अंशांची तूट त्याच वेगाला दोनवर आली होती. १.२२ आणि ०.५९ ची तुलना करून "बारा अंश सुधारणा" म्हणणं सोपं होतं, पण त्यातले सात वेगाचे आणि पाचच गुडघ्याचे. मला ते पाच जास्त मोलाचे वाटतात.

सगळं पूर्ववत झालेलं नाही. जिना चढते सहज, उतरताना अजून कठड्याला हात लागतो. मांडी घालून जेवायला बसता येतं, पण उठताना टेकू लागतो. मांडीच्या घेरात अजून एक सेंटीमीटरचा फरक आहे. प्लेट काढायची का, असं डॉक्टरांना विचारलं. त्रास देत नसेल तर राहू दे म्हणाले. थंडीत त्या जागी बोटभर पट्टा गार लागतो, तेवढंच. सध्या मेट्रोनोम १०८ वर आहे आणि पायरी उतरण्याचा व्यायाम दिवसाला दहाचे तीन फेरे.